बूड थोरलीचं, कड धाकटीची

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, धंदा बांबूच्या टोपल्या विणणे आणि विणायला शिकवणे, राहणार ज्या घरात बसून हे लिहिते आहे त्याच घरात, असे लिहून ठेवते की माझे डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांनी तसा कागद दिला आहे. त्यासाठी त्यांनी मला शंभरातून सात-सात वजा करायला लावले. मी तेवीसपर्यंत पोहोचले तेव्हा तेच कंटाळले. बोटांचे सांधे धरले आहेत, पण ते डोक्यात मोजत नाहीत. हे मृत्युपत्र मी कोणाच्या दडपणाखाली लिहीत नाही. "रागात लिहिताय का?" असे वकीलबाईंनी विचारले. राग कायद्यात बसतो का, असे मी विचारले. त्या म्हणाल्या, "बसतो. फक्त अक्षर नीट काढा आणि खाडाखोड करू नका. प्रत्येक खाडाखोडीवर सही करावी लागते."

याआधी मी दोन मृत्युपत्रे केली होती. ती दोन्ही रद्द समजावीत. पहिल्यात सगळे नवऱ्याला होते, तो माझ्याआधी गेला. दुसऱ्यात सगळे मुंगीला होते, ती गेल्या महिन्यात माझ्या बहिणीकडे गेली.

कलम १. माझी माणसे. मला मूल नाही. नवरा सुतार होता, नऊ वर्षांपूर्वी वारला. सख्ख्यात एक बहीण आहे, माझ्याहून दोन वर्षांनी धाकटी. आज ती एकोणसत्तर वर्षांची आहे, तरी घरीदारी सगळे तिला छोटीच म्हणतात, आणि तिला ते आवडते. मुंगी ही माझी शिष्या, वय चोवीस. नाव मीच ठेवले, कारण सहा वर्षे ती माझ्यासमोर मान वर न करता विणत होती. सहा वर्षांनी तिने मान वर केली आणि म्हणाली, "बाई, छोटीबाईंच्या वर्गात एक जागा झालीय. मी जाऊ का?"

मी म्हणाले, "जा की. मी काय बांधून ठेवलंय तुला?"

ती गेली. इतक्या लगेच जाईल असे मला वाटले नव्हते.

छोटीचा वर्ग आणि माझा वर्ग एकाच इमारतीत भरतो. तिच्या खोलीला दोन्ही बाजूंनी खिडक्या आहेत, दारावर 'मार्गदर्शक' अशी पितळी पाटी आहे आणि आत अठरा खुर्च्या आहेत. माझा वर्ग मंगळवारी पाण्याच्या पंपामागच्या खोलीत भरतो. पाच खुर्च्या, त्यातली एक मोडकी. मुंगी गेल्यापासून त्या मोडक्या खुर्चीवर कोणाला बसावे लागत नाही, एवढी सोय मात्र झाली.

कलम २. घर. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागची शेड. हे विकू नये. पुढे ज्या शिष्यवृत्तीबद्दल लिहिले आहे, ती मिळवणाऱ्यांनी येथे राहून काम करावे. स्वयंपाकघरातला नळ उजवीकडे पूर्ण फिरवला की बंद होत नाही, थोडा परत डावीकडे आणावा लागतो. खिडकीजवळच्या फरशीत दोन खळगे पडले आहेत, ते बुजवू नयेत. पन्नास वर्षे विणताना तेथे माझ्या टाचा होत्या. नव्या माणसाने टाचा तिथेच टेकवाव्यात, पाठ आपोआप सरळ राहते. पश्चिमेची भिंत शेजाऱ्याने अर्धा हात आत घेतली आहे. मी बारा वर्षे भांडले. पुढे कोणाला उत्साह असेल तर फाइल कपाटात वरच्या खणात आहे.

कलम ३. शिष्यवृत्ती. बँकेत माझे जे काही आहे ते सगळे आमच्या आदिवासी समाजातल्या, हाताने काही घडवणाऱ्या माणसांच्या शिक्षणासाठी ठेवावे. दर दोन वर्षांनी निवड व्हावी. सामान, राहणे, जेवण यांची सोय असावी आणि आठवड्यातून दोन दिवस शेजारी बसून शिकवणारे जाणते माणूस असावे. नुसते येऊन भाषण देणारे नसावे. मला असे भाषण देणारे पुष्कळ भेटले. एकाने माझी टोपली उचलून "आदिवासी आत्म्याचा हुंकार" असे काहीतरी म्हटले आणि तीत आपली छत्री ठेवली.

वयाची अट मुळीच नसावी. कलासंस्थेची शिष्यवृत्ती 'उदयोन्मुख आदिवासी कलावंतां'साठी होती आणि त्यांच्या हिशेबाने माणूस तिशीपर्यंतच उदयोन्मुख राहतो. आम्ही दोघी बहिणींनी तिथे अर्ज केला त्या वर्षी मी तीस वर्षांची होते. ती माझी शेवटची संधी होती. छोटीला आणखी दोन वर्षे होती. माझ्या शिष्यवृत्तीसाठी उदयोन्मुख म्हणजे ज्याला अजून कोणी विचारलेले नाही तो, मग त्याचे वय काहीही असो.

कलम ४. छोटी. माझ्या मिळकतीतले तिला काहीही देऊ नये. तिला या शिष्यवृत्तीवर मार्गदर्शक नेमू नये. तिच्या वर्गातल्या कोणालाही, विशेषतः मुंगीला, ही शिष्यवृत्ती मिळू नये. हे लिहिताना मला बरे वाटते आहे, हेही नोंदवते.

कारण लिहिले नाही तर लोक म्हणतील म्हातारी जळकी होती. म्हणून कारण लिहिते. मग काय म्हणायचे ते म्हणोत.

आमच्या लोकांत एक टोपली दोघींनी करायची असते. एकीने कामट्या आडव्या-उभ्या मांडायच्या, टाचांनी दाबून धरायच्या आणि बूड विणायचे. मग दुसरीने ती मांडीवर घ्यायची, भिंती उभ्या करायच्या, आकार द्यायचा आणि शेवटी कड बांधायची. टोपलीला नाव मात्र बूड घालणारीचे. कोणी विचारले की ही कोणाची, तर जिने बूड घातले तिचेच नाव सांगायचे. मी आणि छोटी आळीपाळीने बसायचो. एक दिवस माझे बूड, तिची कड. दुसऱ्या दिवशी तिचे बूड, माझी कड. माझी कड कशी होती हे मी सांगणे बरे दिसत नाही. पण अशी कड आमच्या लोकांत नंतर कोणी बांधलेली नाही.

एकेचाळीस वर्षांपूर्वी संस्थेचे अर्ज आले. अर्जासोबत एकेक टोपली पाठवायची होती. जी जिने पुरी केली ती तिने पाठवायची, असे आम्ही ठरवले आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर समोरासमोर बसून अर्ज भरले. त्यात एक रकाना होता: 'वस्तू घडवणाऱ्याचे नाव'. आम्ही दोघींनी एकमेकींना न विचारता, क्षणभरही न थांबता, बूड घालणारीचे नाव लिहिले. म्हणजे माझ्या हातच्या टोपलीवर मी छोटीचे नाव लिहिले, आणि तिच्या हातच्या टोपलीवर तिने माझे. दुसरे काही लिहायचे असते हे आमच्या डोक्यातही आले नाही.

दोन महिन्यांनी दोन पाकिटे आली. छोटीच्या नावाने शिष्यवृत्ती आली होती. माझ्या नावाने नकार आला होता. कारण दिले होते: 'कड सैल.'

कड सैल! ती कड तिची होती. मी ते पत्र तीनदा वाचले आणि मग आम्हाला एकाच वेळी उमगले, की निवडलेली टोपली मी पाठवलेली होती.

छोटीचा चेहरा पडला होता. ती म्हणाली, "ताई, हे तुझंच आहे. मी कळवते त्यांना."

मी म्हणाले, "अजिबात कळवायचं नाही. आपल्यात नाव बुडाचंच असतं. थोरलीनं धाकटीच्या पानातलं ओढून घेतलं, असं बोलतील लोक."

ती म्हणाली, "बरं."

बरं! मी रात्रंदिवस वाट पाहिली, की ती पुन्हा एकदा विचारेल. दुसऱ्यांदा विचारले असते तर मी हो म्हटले असते. ती बॅग भरत होती तेव्हा मी दारात उभी होते. ती म्हणाली, "ताई, माझी जाड शाल कुठे आहे?" मी शाल आणून दिली. तिने दुसऱ्यांदा विचारले नाही.

पुढचे सगळ्यांना माहीत आहे. दोन वर्षे कलाशाळा, मग प्रदर्शने, परदेशी पाहुणे, वर्तमानपत्रात फोटो. प्रत्येक फोटोत तिने मान थोडी डावीकडे कललेली ठेवली आहे, कारण उजवीकडून तिचे नाक मोठे दिसते. हे फक्त मला माहीत आहे. ते सगळे फोटो मी कापून ठेवले आहेत. प्रेमाने नव्हे. कोणत्या जागी मी असायला हवी होते, ते मोजायला. एका फोटोत ती खुर्चीवर बसली आहे आणि तिच्या चष्म्याला साखळी आहे. तेव्हापासून मी चष्म्याची साखळी घेतलेली नाही आणि माझे तीन चष्मे हरवले आहेत.

कलम ५. पत्र. 'कड सैल' हे पत्र माझ्या पेटीत आहे. त्याला चौकट करून छोटीच्या वर्गात, तिच्या खुर्चीच्या बरोबर समोर लावावे. पत्राचा खालचा भाग मी घडी घालून मागे वळवला आहे. ती घडी उघडू नये.

कलम ६. हत्यारे. दोन कोयते, भोक पाडायचे टोचे चार, कामट्या भिजवायची मोठी परात. ही माझ्या मंगळवारच्या वर्गातल्या चार जणींना द्यावीत. लहान कोयता मुंगीच्या हाताला बसतो, म्हणून तो तिला देऊ नये.

कलम ७. शेड. नवऱ्याच्या रंधे-करवती त्याच्या कामातल्या जोडीदाराने न्याव्यात, त्याने त्या न विचारता तशाही दोनदा नेल्या आहेत. शेडच्या वरच्या फळीवर गोणपाटात गुंडाळलेली एक वस्तू आहे. नवरा गेल्यावर मला ती सापडली. बाहेर एक छापील चिठ्ठी लोंबते आहे, तीवर छोटीचे नाव आणि संस्थेचा शिक्का. म्हणजे माझ्या घरात राहून, माझ्या हातचे खाऊन, या माणसाने तिची टोपली आणली आणि माझ्यापासून लपवली. नऊ वर्षे मी ते गोणपाट सोडलेले नाही. मेलेल्या माणसाशी भांडता येत नाही, ही त्याची नेहमीची पळवाट. ती वस्तू न उघडता भंगारवाल्याला द्यावी.

(येथपर्यंत लिहून मी कागद वकीलबाईंकडे नेले. त्या म्हणाल्या, "'एक वस्तू' असं चालत नाही. आत काय आहे ते लिहा." मी म्हणाले, आत माझी बहीण आहे. त्या म्हणाल्या, "तरीही.")

कलम ८. शेडमधल्या वस्तूचे वर्णन. चार दिवसांनी लिहिते आहे, कारण मधले तीन दिवस मला लिहिता आले नाही.

टोपली एक. उंची कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत. मध्ये फुगलेली, गळ्याशी आवळलेली. गोणपाट सोडताच पहिली दिसली ती कड, आणि मी तिथेच फळ्यांच्या ढिगावर बसले. ती कड माझी आहे. आपले अक्षर कोणालाही ओळखू येते. एकेचाळीस वर्षांपूर्वी मी पाठवलेली हीच ती टोपली.

आत लाकडाची एक ढलपी होती. नवरा मापे ढलप्यांवरच लिहायचा, कागद त्याला परका वाटे. पेन्सिलीने लिहिले आहे: 'संस्थेतली कपाटं करायला गेलो. जुनं सामान विकत होते. कड हिची. सांगितलं तर भांडण. बघू.'

बघू म्हणाला आणि मरून गेला. आणि मी नऊ वर्षे त्याच्या फोटोकडे पाठ करून जेवले. त्याबद्दल मी त्याची क्षमा मागते. कायद्यात याला जागा नसेल तरी हे वाक्य काढू नये.

मग मी टोपली पालथी केली. एकेचाळीस वर्षे मी त्या टोपलीच्या कडेचाच विचार केला, बूड मला आठवतही नव्हते. खिडकीसमोर धरले तर एका फटीतूनही उजेड आला नाही. एकही कामटी सरकलेली नाही. फरशीवर ठेवली तर हलली नाही. छोटी तेव्हा अठ्ठावीस वर्षांची होती. असे बूड मला कधीही घालता आलेले नाही.

परीक्षकांनी ती टोपली पालथी करून पाहिली असेल का, हा प्रश्न मला आयुष्यात पहिल्यांदा पडला. पाहिली असेल तर शिष्यवृत्ती माझ्या कडेला मिळाली की तिच्या बुडाला, हे मला सांगता येत नाही. मला हे अजिबात आवडलेले नाही.

कलम ९. दुरुस्त्या. खाडाखोड चालत नाही म्हणून वरचे खोडत नाही, पण पुढीलप्रमाणे बदलते.

कलम ५ मधले पत्र माझ्या घरात लावावे, छोटीच्या वर्गात नव्हे. आणि घडी उघडावी. घडीखाली दुसरी ओळ आहे: 'बूडही एका बाजूला झुकलेले.' ते बूड माझे होते. ही ओळ मी नवऱ्यालाही दाखवली नव्हती.

कलम ६ मधला लहान कोयता मुंगीला द्यावा. तिला सांगावे की "जा की" म्हणताना बाईंच्या मनात "नको जाऊस" होते. तिने विचारले आणि मी उलटे बोलले. एकदा असे बोलून मी काय गमावले होते हे माहीत असून पुन्हा तेच केले. तिची चूक नाही. ती शिष्यवृत्तीसाठी अर्ज करू शकते, पण माझी शिष्या म्हणून निवडू नये, हात बघून निवडावे.

कलम ३ मधली शिष्यवृत्ती एकाला देऊ नये, दोघांना मिळून द्यावी. अर्जावर 'घडवणाऱ्याचे नाव' असा रकाना नसावा. दोन ओळी असाव्यात: सुरुवात कोणी केली आणि शेवट कोणी केला. दोन्ही नावे सारख्याच अक्षरात लिहावीत. नकार कळवताना कारण एका ओळीत उरकू नये. परीक्षकाने समोर बसून, वस्तू हातात घेऊन, पालथी करून, सांगावे.

शेडमधली टोपली घरातल्या खिडकीत ठेवावी. जुनी चिठ्ठी काढून नवी लावावी: बूड छोटीचे, कड तिच्या ताईची. एक आठवडा ती पालथी ठेवावी, एक आठवडा सुलटी. पहिला आठवडा सुलटा असावा, मी थोरली आहे.

कलम १०. शेवटचे. माझी बोटे आता कड बांधू शकत नाहीत. बूड मात्र टाचांच्या जोरावर अजून होते. या आठवड्यात मी एक घातले आहे. सहा वेळा उसवले, सातव्यांदा जमले. कोपऱ्यावरच्या घड्याळजींनी ते आपल्या दुकानाच्या काचेवर ठेवून सगळ्या बाजूंनी दाबून पाहिले. हलत नाही. ते ओल्या फडक्यात गुंडाळून खिडकीखाली ठेवले आहे.

हे बूड मी छोटीला देते. तिने त्यावर भिंती उभ्या कराव्यात आणि कड बांधावी. आमच्या रीतीने नाव माझे लागेल. लागू दे. एक टोपली तरी माझ्या नावाची त्या पितळी पाटीच्या खोलीत असावी. मला अजून तिचा हेवा वाटतो, तो या मृत्युपत्राने संपलेला नाही, असे स्पष्ट लिहून ठेवते. कड सैल ठेवू नये.

शिष्यवृत्तीची पहिली मार्गदर्शक म्हणून छोटीलाच नेमावे. कलम ४ मधले उलट लिहिलेले सगळे रद्द. शिकणाऱ्यांना बूड तिच्याइतके चांगले कोणी शिकवू शकत नाही.

व्यवस्थापक म्हणून मी वकीलबाईंना नेमते, आणि त्यांना एकच सूचना करते. तुम्ही तिला विचाराल तेव्हा ती नाही म्हणेल. म्हणेल, "ताईच्या गोष्टीत मी कशाला?" चेहरा पाडेल, पण नाहीच म्हणेल. तेवढ्यावर "बरं" म्हणून उठू नका. चहा घ्या, शालीबद्दल काहीतरी बोला, थोडा वेळ बसा.

आणि दुसऱ्यांदा विचारा.

सही: (लिहिणारीची, सांध्यांमुळे थोडी वाकडी, पण तिचीच)

ठिकाण: खिडकीजवळची खोली
दिनांक: ११ मार्च, गुरुवार, सकाळी साडेदहा

आम्ही दोघे साक्षीदार, या मृत्युपत्रात ज्यांना काहीही मिळालेले नाही, असे लिहून देतो की बाईंनी आमच्यासमोर सगळे कागद स्वतः वाचले, प्रत्येक पानावर सही केली, आणि त्या पूर्ण शुद्धीत होत्या.

साक्षीदार १: कोपऱ्यावरचे घड्याळजी. (बूड सपाट होते. मी तपासले.)

साक्षीदार २: दवाखान्यातली सिस्टर. (कलम १० वाचताना बाई रडत नव्हत्या, असे लिहायला त्यांनी मला सांगितले, म्हणून लिहिले.)